सुभेदारकाका दारात आले की

सुभेदारकाकांशी तासभर गप्पा मारून उठलं की आपल्याला सगळं कळलं असं वाटायचं, आणि घरी येऊन लिहायला बसलं की कागदावर उतरवायला एक ओळ नसायची. मी तेव्हा नवी नवी वार्ताहर झाले होते. कामरगावात राहून अकोल्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचे. बाई बातम्या गोळा करते म्हटल्यावर लोक आधी हसले, मग स्वतःच घरी येऊन बातम्या देऊ लागले. हा एकच माणूस असा भेटला, की पहिल्याच दिवशी त्यानं मला चहा पाजला, शेंगदाण्याचा लाडू खाऊ घातला आणि बर्फात अडकून बसलेल्या एका खेचराची गोष्ट अशी रंगवून सांगितली की मी मांडीवर थाप मारून हसले. मी विचारलं एवढंच होतं, "काका, तुमची शेवटची पोस्टिंग कुठे होती?" खेचराचं नाव मला कळलं, त्याच्या आईचंही कळलं. पोस्टिंग काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेले. ते ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. म्हणाले, "बाई, म्या तुले नाई म्हनलो का?"

"नाही."

"चहा देल्ला नाई का?"

"दिला."

"मंग कायले रागावून राह्यली?"

आता बोला! तेव्हापासून मी त्यांची 'प्रेसबाई' झाले आणि ते माझे काका झाले. मला सख्खा काका नाही, आणि असता तरी मी याच ओट्यावर जास्त बसले असते.

फौजेतून सुभेदार होऊन ते कामरगावला परतले होते. गावाला वाटायचं, एवढी वर्षं सीमेवर काढली म्हणजे यांच्याकडे लढाईच्या गोष्टींचं पोतं असणार. काका हात जोडायचे. "फौजेत म्या बंदुकीपेक्षा खुर्च्या जास्त उचलल्या." आणि ते खरंही होतं. शेवटची बरीच वर्षं ते छावणीच्या अशा एका कार्यालयात होते, जिथे बाहेरच्या लोकांना सांभाळायचं काम चाले. खासदार-आमदारांची समिती पाहणीला यायची, पत्रकार यायचे, आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी तक्रारी घेऊन यायचे. कुणाला कुठे बसवायचं, काय दाखवायचं, काय दाखवायचं नाही, आणि न दाखवताही माणूस खूष होऊन कसा परत पाठवायचा, हे काका तिथे शिकले. एकदा एक म्हातारा तक्रार घेऊन आला, की तुमच्या गोळीबाराच्या सरावानं माझी म्हैस आटली. साहेब लोक म्हणाले, पत्र लिहा. काकांनी पत्रबित्र काही लिहिलं नाही. दोन जवान त्या म्हशीच्या सेवेला धाडले. "सरकीची ढेप चारली, आंग खरारलं, गाने म्हनले तिच्यापुढं. आठ दिवसात दूध सुरू. गोळीबार तसाच चालू! बुढा मंग सोताच सांगत फिरे, का फौजेचे लोक लय चांगले हायेत."

गावात आल्यावरही ही विद्या त्यांनी गंजू दिली नाही. लग्नसराई आली की काकांना बोलावणं ठरलेलं. आमच्याकडे लग्नात जेवण कमी पडलं तर लोक विसरतात, पण खुर्ची मागे लागली तर नातवंडांना सांगतात. धनजच्या एका लग्नात मुलाचा मामा रुसून मांडवाच्या पार शेवटी जाऊन बसला. पुढचा सोफा त्याला मिळाला नव्हता. पाया पडून झालं, हात जोडून झालं, मामा हलेना. वैशाखातली दुपार, अंगाची नुसती काहिली होत होती. काकांनी काय केलं, मांडवातला मोठा कूलर उचलवला आणि नेऊन मामाच्या शेजारी ठेवला. दहा मिनिटांत पुढच्या सोफ्यावरचे सगळे मानकरी आपापल्या पायांनी मागे आले आणि मामा आपोआप पहिल्या रांगेत आला. मी हसून हसून बेजार. काका मात्र गंभीर चेहऱ्यानं वरणाच्या बादलीमागे उभे.

पुढाऱ्यांच्या बाबतीत त्यांचं एक म्हणणं होतं. "नेत्याले नाई म्हनाचं नाई, बाई. लेकराच्या हातातली कैची काहाडतांनी आपन काय करतो? आधी दुसऱ्या हातात खुळखुळा देतो. तसं कराचं." मी विचारलं, "आणि पत्रकाराला?" तर म्हणाले, "त्याले लाडू."

पण एका बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. आमच्या पंचक्रोशीत फौजेत मुलगा असलेली बरीच घरं आहेत. सीमेवर जरा काही खुट्ट झालं, की टीव्हीवाले घसा फोडून ओरडायला लागतात, मोबाईलवर कुठल्या कुठल्या नावांच्या याद्या फिरतात, आणि त्या घरांतल्या बाया चुलीवरचं तसंच टाकून काकांच्या ओट्यावर येऊन बसतात. काका त्यांना शपथ दिल्यासारखं सांगायचे, "कोनी कायबी सांगो. मोबाईलवर येवो, पेपरात येवो. तसं काई असंल तं पलटनीतून मले फोन येईन आन् मी सोता तुह्या दारात येऊन उभा राहीन. जोवर मी येत नाई, तोवर सारं खोटं. जाय, सैपाक कर." बाया खरंच उठून जायच्या. आणि दोनदा असं झालं, की काका खरंच कुणाच्यातरी दारात जाऊन उभे राहिले. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

आता अंकुशचं सांगते.

अंकुश म्हणजे गजाननभाऊंचा मुलगा. गजाननभाऊ दोन-अडीच एकराचे मालक, तूर-सोयाबीन करायचे, आणि बोलायचे इतकं कमी की शेजाऱ्याला वाटावं घर रिकामं आहे. त्यांना आयुष्यात कुणी सभेत पुढे बसवलं नव्हतं. अंकुशची बायको शीतल बाळंतपणासाठी माहेरी इंझोरीला गेली होती. मुलगा झाला, दोन महिन्यांचा झाला, आणि अंकुशनं त्याला पाहिलं ते मोबाईलवरच. शेवटी एकदाची सुट्टी मंजूर झाली. नेमक्या तेव्हाच निवडणुका तोंडावर. अंकुश सुट्टीवर येतोय हे आमदारसाहेबांच्या कार्यकर्त्यांना कुठून कळलं देव जाणे. त्यांनी लगेच कार्यक्रम ठरवून टाकला: कामरगावच्या स्टँडजवळ मंच, मंचावर गणवेशातला वीर जवान, शेजारी आमदारसाहेब. गजाननभाऊंनी नवा सदरा शिवायला टाकला. ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून ते सांगायला लागले, तेव्हा लोकांना त्यांचा आवाज कसा आहे ते कळलं.

आणि तिकडून अंकुशचा काकांना फोन आला. मी तेव्हा ओट्यावरच होते. पोराचा आवाज रडवेला झाला होता. "काका, वर्दीत पार्टीच्या स्टेजवर फोटो निंगाला तं माही चौकशी लागन. बढतीसाठी, नायकाच्या फितीसाठी, नाव गेलं हाये माहं. मले स्टेजवर चढाचं नाई. पण बाबाले दुखवू नोका, काका. तो आजलोक कई एवढा खूष झाला नाई."

फौजेतल्या माणसानं कुठल्याच पक्षाच्या मंचावर जायचं नसतं, गणवेशात तर नाहीच नाही. हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी फोन ठेवला आणि पायात चपला अडकवल्या. "प्रेसबाई, चाल. पेपरवाली संगं असली का नेते उलीसे हळू बोलतात."

आमदारसाहेब माणूस हसतमुख. "या सुभेदारसाहेब, या," म्हणून त्यांनी काजूची बशी पुढे केली. काकांनी एक काजू घेतला, कार्यक्रमाचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग काळजीच्या सुरात म्हणाले, "एकच भेव वाटते साहेब. पोरगं स्टेजवर आलं तं करन काय? सावधानमधी उभं राहीन. हासन नाई, रडन नाई. खांबासारखं. फोटोत मजा येनार नाई."

"अरे! मग?"

"मायबापाले बसवा. माय रडन. बाप जिंदगीत पयल्यांदा फेटा बांधीन. खाली बसलेल्या हरेक बुढ्या-बुढीले वाटन, का साहेबानं आपलाच सत्कार केला. फौजेत पोरगा एखाद्याचाच अस्ते, साहेब. मायबाप तं साऱ्याइचे अस्तेत."

आमदारसाहेब छताकडे पाहू लागले. मला स्पष्ट दिसलं, की ते मनातल्या मनात तालुक्यातले म्हातारे मतदार मोजत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "प्रेसला काय वाटतं?" मी म्हटलं, "आई रडली तर पहिलं पान पक्कं." झालं! काम फत्ते. परत येताना काका स्कूटरवर माझ्या मागे बसून बर्फातल्या खेचराचं गाणं म्हणत होते. असं गाणं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे अंकुश मूर्तिजापूरला गाडीतून उतरला, मिळेल त्या वाहनानं घरी आला आणि घोरत पडला. मोबाईलचं चार्जिंग प्रवासातच संपलेलं. तो आलाय हे घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, माहेरी असलेल्या शीतललाही नाही. कार्यक्रम आटोपला की दुपारी इंझोरीला जायचं, असा त्याचा बेत होता.

सकाळी काका आणि मी स्टँडवर गेलो, आणि पाहतो तर काय! मंचाच्या मागे जुनंच फ्लेक्स लागलेलं. वर 'वीर सुपुत्र अंकुश यांस मानाचा मुजरा', खाली गणवेशातला अंकुश, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून हात जोडलेले आमदारसाहेब. कार्यकर्ता म्हणाला, "नवं कारंज्याहून येऊन राह्यलं काका, दुपारलोक येते."

"आन् कार्यक्रम?"

"अकरा वाजता."

काका मटकन खालीच बसले. आमदाराचं फ्लेक्स उतरवलं तर तिथेच हाणामारी झाली असती. नाही उतरवलं तर कार्यक्रमाच्या प्रत्येक फोटोत वर्दीतला अंकुश आला असता. तेवढ्यात सत्कारासाठी आणलेल्या झेंडूच्या हारांच्या टोपलीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी त्यातला सगळ्यात जाड हार निवडला, कार्यकर्त्याला शिडीवर चढवलं आणि तो हार अंकुशच्या फोटोला असा बसवून घेतला, की गळ्यापासून कमरेपर्यंत वर्दीचा धागा दिसू नये. मग चार पावलं मागे सरून, एक डोळा मिटून म्हणाले, "झाकली?"

"झाकली," मी म्हटलं.

"चाल मंग. गजाननले फेटा बांधाचा हाये."

आपल्याकडे फोटोला हार कुणाच्या घालतात, हे शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण त्या वेळी ना काकांना ते सुचलं, ना मला, ना त्या शिडीवरच्या दिवट्याला. आम्ही तिघेही वर्दी झाकली गेली याच आनंदात.

पुढचं ऐका. पहिली एसटी आली. तिच्यातून उतरलेल्या एका म्हातारीनं तो फोटो पाहिला, कपाळाला हात लावला आणि समोरच्या दुकानातून उदबत्ती आणून फोटोखाली लावली. उदबत्ती पाहून पानटपरीवाल्यानं गाणी बंद केली. गाणी बंद झाली म्हणून शेजारच्या कापडवाल्यानं शटर अर्धं ओढलं, त्याचं पाहून पुढच्यांनी पूर्ण ओढलं. धनजकडे निघालेल्या जीपवाल्यानं प्रवाशांसोबत बातमीही भरून नेली. कुणीतरी फोटो काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोबाईलवर सोडला. शाळेत शांतता पाळून मुलांना सुट्टी दिली गेली. आमदाराचा त्यात फोटो असल्यामुळे बातमी खरी की खोटी, हा प्रश्नच कुणाला पडला नाही!

इकडे गजाननभाऊंच्या अंगणात काका त्यांना फेटा बांधत होते आणि अंकुश बनियन-लुंगीवर बसून पोहे खात होता. माझा फोन वाजला. अकोल्याहून आमचे संपादक कडाडले, "बाई, तुमच्या गावचा जवान शहीद झाला, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे आणि तुमची ओळसुद्धा नाही?"

"कोण जवान?"

"अंकुश! आणखी कोण?"

मी म्हटलं, "साहेब, तो माझ्यासमोर बसून पोहे खातोय. वरून लिंबू मागतोय."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. पंधरा-वीस बाया ऊर बडवत अंगणात शिरल्या. सगळ्यात पुढची शेजारीण "अंकुश रे, माह्या लेका!" म्हणत आत आली, समोर अंकुश दिसला, तिनं "भूऽऽत!" म्हणून किंकाळी फोडली आणि मागच्यांच्या अंगावर उलटी कोसळली. अंकुशच्या हातातली बशी पडली. या गोंधळात मी काकांकडे पाहिलं. फेट्याचं टोक हातात धरून ते तसेच उभे होते. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "हार म्या घातला." करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा गर्दी मावत नव्हती. आमदारसाहेबही आले होते. वाटेत बातमी कळल्यामुळे त्यांनी चेहरा उतरवून ठेवला होता आणि एक पुष्पचक्रही आणलं होतं. काका मंचावर चढले नाहीत. खालूनच त्यांनी माईक मागून घेतला. तासभर बोलून काहीही न सांगणारा हा माणूस त्या दिवशी मिनिटभरही बोलला नाही. "अंकुश जिता हाये. घरी हाये. हार म्या घातला, वर्दी झाकाले. चूक माही, दुसऱ्या कोनाची नाई."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "जिता हाये तं दाखवा!"

आणि सगळी गर्दी ओरडायला लागली. कार्यकर्ते म्हणाले, "आना त्याले स्टेजवर." घ्या! ज्या मंचावरून पोराला वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच मंचावर आता त्याला चढवायची पाळी. "स्टेजवर नाई," काका म्हणाले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे, मंचापासून चांगली लांब, एक काळीपिवळी जीप उभी होती. "तिच्या टपावर चढ." आणि अंकुश, बनियन-लुंगीवर, खांद्यावर टॉवेल, मिशीला पोह्याची हळद, जीपच्या टपावर उभा राहिला आणि ओरडला, "राम राम! मी जिता हावो! दुकानं उघडा!"

अहो, काय शिट्ट्या! काय टाळ्या! आमदारसाहेबांनी पुष्पचक्र पाठीमागून कार्यकर्त्याकडे सरकवलं आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मी जीपचा फोटो काढला. आमच्या पेपरात तोच छापून आला: ना मंच, ना वर्दी, ना पक्ष. गजाननभाऊ फेटा बांधून मंचावर बसले, आई पदरात तोंड लपवून मनसोक्त रडली, आणि 'गजाननराव' हे नाव माईकवरून इतक्या वेळा पुकारलं गेलं की दरवेळी ते दचकून मागे वळून पाहत होते. पण हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. कारण अंकुश टपावरून उतरला तो थेट काकांजवळ आला. हातात बापाचा मोबाईल. "काका, शीतलचा फोन बंद लागून राह्यला. तिच्या भावाचा लागत नाई."

काकांनी त्याच जीपमध्ये त्याला कोंबलं. कुणाचातरी सदरा त्याच्या अंगावर फेकला. मी मागे चढले, काका पुढे ड्रायव्हरजवळ बसले. कामरगावहून इंझोरी म्हणजे कारंजा ओलांडून पलीकडे. सारा वेळ अंकुश फोन लावत होता. मी धीर द्यायला म्हटलं, "काका, ती नाही मानायची. तुम्हीच सांगून ठेवलंय ना तिला, तुम्ही येईपर्यंत सगळं खोटं म्हणून?" काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

बातमी इंझोरीला केव्हाच पोचली होती. माहेरच्यांनी बाळंतिणीला कळू नये म्हणून तिचा फोन बंद करून ठेवला होता. पण मागच्या दारानं आलेल्या एका बाईनं तिला सांगितलंच. शीतल तिला म्हणाली, "सुभेदारकाका आले का?" "नाई." "मंग खोटं हाये." आणि ती भाकरी थापत राहिली. पीठ संपलं तर आणखी मळलं. घरात खाणारी माणसं चार, आणि टोपलं भरून वर भाकरी रचलेल्या.

जीप दारात थांबली. काका पुढेच बसले होते, तेच आधी उतरले. मागचं दार बाहेरून उघडावं लागायचं, म्हणून अंकुश आणि मी आतच अडकलेलो. जीपचा आवाज ऐकून शीतल दारात आली. हाताला पीठ. समोर सुभेदारकाका उभे.

तिनं चौकट धरली आणि हळूहळू खाली बसली. काकांचे गुडघे म्हणजे आयुष्यभराचं दुखणं, पण ते धावत सुटले. दोन्ही हात हलवत, "नाई! नाई, बाई, नाई! मी तसा नाई आलो! मी तसा नाई आलो!" मी खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडलं, अंकुश धडपडत उतरला, आणि तिनं त्याला पाहिलं. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही हातांनी त्याला मारायला लागली. छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. सदऱ्यावर पिठाचे पंजेच पंजे उमटले. मग आत जाऊन तिनं बाळ आणलं आणि त्याच्या हातात दिलं. अंकुश रडला, माहेरचं घर रडलं, मीही रडले. आणि त्या सगळ्यात शीतल काकांकडे वळून म्हणाली, "काका, तुमी आता पुन्हा कधी माह्या दारात येऊ नोका."

काका म्हणाले, "हाव." आणि जाऊन जीपमध्ये बसले.

अंकुशला काही झालं नाही. टपावरचा फोटो त्याच्या पलटनीतही पोचला. त्याचे मोठे साहेब म्हणे फोटो पाहून पोट धरून हसले. त्याला फीत मिळाली. पण काकांचं हसणं त्या दिवसापासून कमी झालं. मी समजावलं, की हाराची चूक तुम्ही सगळ्या गावासमोर कबूल केलीत, संपलं आता. ते म्हणाले, "हाराचं नाई गं. हार सुकला, झालं. पन तिनं मले पाह्यलं आन् खाली बसली. म्हंजे मी या लेकीइच्या दारात फक्त मरनच घेऊन येनारा मानूस झालो का? माहे पायच वाईट झाले म्हन की."

मग त्यांनी एक नवंच सुरू केलं. ज्या ज्या घरातला मुलगा फौजेत, त्या त्या घरी काही काम नसताना जायचं. मिरचीची रोपं मागायला, गुडघ्याला लावायचं तेल विचारायला, नाहीतर नुसता उलीसा चहा प्यायला. पहिल्या पहिल्या दिवसांत काय धांदल उडायची, विचारू नका! काका दारात दिसले की आतून भांडं पडल्याचा आवाज. म्हणून ते गल्लीच्या वळणावरूनच बोंबलत यायचे, "काई नाई वो, काई नाई! चहा प्याले येऊन राह्यलो!" पोरं त्यांच्या मागे तेच ओरडत फिरायची. लोक म्हणाले, म्हातारा चळला. काका ओरडत राहिले, चहा पीत राहिले. त्यात बिचाऱ्यांची साखर वाढली, डॉक्टरांनी झापलं, तर ते बिनसाखरेचा पिऊ लागले, पण गेले सगळीकडे.

फक्त शीतलच्या दारात ते जात नसत. ती बाळाला घेऊन कामरगावला परत आली होती. 'हाव' म्हटलेलं काकांनी पाळलं. समोरच्या लिंबाखाली क्षणभर थांबायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. ती आतून पाहायची. कित्येक महिने असंच चाललं. शेवटी एक दिवस तीच बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साऱ्या गावाच्या घरी चहा पेता, आमच्या घरचाच गोड लागत नाई का?" त्या दिवशी काका आत गेले, तरी दारात पाऊल ठेवताना "काई नाई, काई नाई" असं पुटपुटतच गेले. पुढे ते जात राहिले.

काका गेल्या हिवाळ्यात वारले. झोपेतच गेले, कुणाला तसदी दिली नाही. माणसं पुष्कळ जमली. आमदारसाहेब आले, पेपरवाले आले, पलटनीतूनही लोक आले. सगळे त्यांच्याविषयी चांगलंच बोलले. पण मला काका आठवतात ते त्याच्या थोडं आधीचे, एका साध्या सकाळचे.

त्या सकाळी मी त्यांच्यासोबत गजाननभाऊंकडे गेले होते. त्याच आठवड्यात सीमेवर काहीतरी झालं होतं आणि मोबाईलवर वाटेल ते फिरत होतं. अंकुश तिकडेच होता. काका काही न ओरडता दारात जाऊन उभे राहिले. शीतल आत चुलीपुढे पाठमोरी बसली होती. दारात सावली पडली, तशी ती भाकरी थापता थापताच म्हणाली, "काका का? बसा, चहा टाकते. अन् पोट्ट्याले पाहा जरा, माती खाते तो."

काकांनी पोराला उचललं, तोंडातली माती काढली, चहा प्यायला. निघताना नेहमीसारखं काहीबाही बोलले. गल्लीच्या वळणावर आल्यावर मात्र थांबले, कुडत्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "प्रेसबाई, पाह्यलं का तू? तिनं वळून बी पाह्यलं नाई मले."